गोरखनाना आणि कोंडिबाची शोकसभा

कामथडीच्या गोरखनानांना शांतता सोसत नाही. भांडता भांडता बायको, म्हणजे मंगलकाकू, रागाने गप्प बसल्या, तर त्यांची उत्तरंसुद्धा नानाच देतात, पण भांडणात खंड पडू देत नाहीत. फोनवर समोरच्याने नुसता श्वास घेतला की यांचं "हॅलो, हॅलो" सुरू! याला म्हातारपणाचा चळ म्हणायचीही सोय नाही. हा नोकरीचा रोग आहे.

पस्तीसेक वर्षं नाना रेडिओ केंद्रात इंजिनिअर होते. शेगडीसारख्या तापणाऱ्या व्हॉल्व्हपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळी यंत्रं त्यांच्या हाताखालून गेली, पण मूळ काम एकच: आवाज तुटता कामा नये. निवेदकाला ठसका लागो की बाहेरगावची लाइन जावो, यंत्रावरची आवाज दाखवणारी सुई खाली पडली की ऐकणाऱ्याला कळायच्या आत नानांनी सतारीची तबकडी लावायची. यापायी बिचाऱ्यांच्या कित्येक दिवाळ्या यंत्रांपुढे गेल्या. गावाला त्याचं काय कौतुक? "नाना, तुमी रेडिओवर गाता का?" असं विचारून वर टीव्हीचा रिमोट दुरुस्तीला देणारी ही मंडळी!

त्यांचा म्होरक्या कोंडिबा, नानांचा शाळेपासूनचा दोस्त. कुस्त्यांच्या आखाड्यात माइकवर बोलायचं काम त्याचं. पैलवान दमायचे, कोंडिबा दमायचा नाही. नाना निवृत्त होऊन गावी आले आणि त्याच्या माइकचं बघू लागले. "म्या बोलतो, तू नुसता सुईकडं बघत बस," कोंडिबा म्हणायचा. नाना चिडायचे आणि पुढच्या आखाड्याला सगळ्यांच्या आधी हजर असायचे.

तो कोंडिबा गेला. चहा पिता पिता, बसल्या जागी. त्याची बायको फुलाबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चहा विचारत राहिली. डोळ्यांत टिपूस नाही. सगळ्यांना तिचीच काळजी.

देवळापुढे शोकसभा ठरली. नानांनी मनाशी पक्कं केलं, ज्याचा आवाज आपण सांभाळला, त्याच्या निरोपात खरखर म्हणून होऊ द्यायची नाही. सकाळीच त्यांनी वायरी तपासल्या, कर्णे बांधले, स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर मांडला आणि आवाज कसा येतो ते बघायला मोबाईलवरची आखाड्यातली हलगी लावून पाहिली. सगळं कसं खणखणीत.

भाषणं झाली. सरपंच सुलक्षणाताई म्हणाल्या, "आता उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळूया." सगळे उठले. माना खाली गेल्या. नानांसमोरची सुईही खाली गेली आणि उठेचना. डोकं काही सांगायच्या आत नानांचा सवयीचा हात मोबाईलवर पडला आणि चारी कर्ण्यांतून हलगी कडाडली!

झटकन माना वर झाल्या. मंगलकाकूंनी पदरात तोंड लपवलं. नानांना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मोबाईलशी झटापट करू लागले, पण घाबरलेल्या बोटांना ते बटण काही सापडेना. तेवढ्यात फुलाबाई समोर येऊन उभी राहिली. चक्क खदखदून हसत होती.

"भावजी, बंद करू नगा! जल्मात दोन मिन्टं गप बसला न्हाई त्यो मानूस, आन् त्येच्या नावानं तुमी समदे गप व्हय?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग आवरणार कोण? हलगी वाजत राहिली आणि सगळं गाव डोळे पुसत हसत राहिलं. असा निरोप कोंडिबाला आवडला असता, यात मला तरी शंका नाही.

हसू ओसरलं तशी फुलाबाई नानांशेजारच्या खुर्चीत बसली. "आता करा बंद, भावजी," ती हळूच म्हणाली. "आता मला रडू द्या."

नानांनी हलगी थांबवली. फुलाबाई पहिल्यांदाच पोटभर रडली, आणि ती रडून निवेपर्यंत नाना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, एक शब्द न बोलता तिच्याजवळ बसून राहिले.