देवाशी भांडणाऱ्या पाळकीणबाई

आमच्या पाळकीणबाई प्रार्थना करू लागल्या की नवीन माणसाला वाटे, नवऱ्याला झापताहेत. डोळे उघडे, आवाज चढलेला, एक हात कमरेवर. नवरा, म्हणजे आमच्या चर्चचे पाळक, मान खाली घालून हळू आवाजात प्रार्थना करणारे. बाईंचं तसं नव्हतं. कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असलं की त्या देवाला स्पष्ट विचारायच्या, तुझं लक्ष कुठे आहे म्हणून.

त्या नंदुरबारकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. आमचं गाव विसरवाडीपासून दोन कोसांवर, डोंगराच्या अंगाला. आमच्या घरांत मावची बोलतात. बाईंना मावची शेवटपर्यंत नीट आली नाही, पण आमच्या बायकांची दुखणी त्यांना बरोबर कळत. बाळंतीण असो की दारुड्याची मार खाल्लेली बायको, पाळकीणबाई तिच्या दारात आधी हजर. मी अंगणवाडीची सेविका, त्यामुळे फिरताना आमची गाठ रोज पडे.

माझा मुलगा शमू एकोणीस वर्षांचा होता. विसरवाडीच्या फाट्यावर उलट्या बाजूने आलेल्या ट्रकने त्याला उडवलं. ट्रकवाला पळाला. त्या फाट्यावर गतिरोधक टाका म्हणून आम्ही किती अर्ज दिले होते! ते अर्ज घेणारे साहेब शमूच्या मातीला आले, हळहळले आणि गाडीत बसून गेले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाचा मला आजही राग येतो.

त्याहून राग आला तो आमच्याच मंडळीचा. जो येई तो म्हणे, देवाची मर्जी. एक वडीलधारे म्हणाले, देव आपल्या बागेसाठी चांगलं फूल खुडून नेतो. पाळकीणबाई कोपऱ्यात माझ्या सासूचे पाय चेपत बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "फुलं तोडाले देव काय माळी शे? मन्हा देव असा नही. तुम्हले बोलता येत नही ते गप बसा." ते गृहस्थ चहा न घेताच उठले.

मी प्रार्थनेला जाणं बंद केलं. देवाचं नाव काढलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी घंटा झाली आणि पाळकीणबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मी सोलत होते त्या तुरीच्या शेंगा त्यांनी पुढ्यात ओढल्या. प्रत्यक्ष पाळकाची बायको प्रार्थना सोडून शेंगा सोलते म्हणून गावभर चर्चा झाली. त्या मात्र लागोपाठ पाच रविवार आल्या. मला चल म्हणाल्या नाहीत. एकदाच बोलल्या, "तुले रुसानं शे ना सुमन, मंग त्यान्हा घरमा बठीसन रुस. बाहेर ऱ्हाईसन रुसशी ते त्याले कसं समजी?"

कापणीच्या सणाला आमच्याकडे प्रत्येक घर नवं धान्य घेऊन पुढे जातं, ते वेदीपाशी ठेवतं आणि देवाच्या उपकाराची एक साक्ष देतं. त्या वर्षी मी गेले. टोपलीत शमूने लावलेल्या आवणाचं भात होतं. सगळ्यांना वाटलं, आता ही सावरली, आता गोड साक्ष देईल. मी टोपली ठेवली आणि म्हणाले, "हे भात माझ्या मुलाने लावलं. कापायला तो नव्हता. मी आभार मानायला आलेले नाही. मला देवाचा राग आलाय, तेवढं सांगायला आले."

पाळकांच्या हातातलं पुस्तक तसंच उघडं राहिलं. मग बायकांच्या बाजूने खणखणीत आवाज आला, "आमेन."

त्या एका आमेनने त्यांचं आमच्या गावातलं अन्न संपवलं. मंडळीच्या पंचांनी वर तक्रार केली, पाळकाची बायको देवनिंदेला साथ देते. जन्मात ज्यांनी देवाला एक खरं वाक्य सांगितलं नाही, अशी ही माणसं! चार महिन्यांत पाळकांची बदली पार खापरच्या पलीकडे डोंगरात झाली. बाईंना दम्याचा त्रास होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सामान टेम्पोत चढवायला पंचांपैकी एकजण आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. तीन गाड्या बदलून मी पोचले तेव्हा सकाळचे अकरा झाले असतील. बाई खाटेवर उशांना टेकून धापा टाकत होत्या. पाळक चुलीपाशी. तिथली माणसं नुकतीच प्रार्थना करून गेली होती.

"गोड गोड आयकीसन मन्हं तोंड मिट्ट हुई गये," त्या म्हणाल्या. "आते तू कर."

मी म्हटलं, मला जमायचं नाही, शमू गेल्यापासून मी प्रार्थना केलेली नाही.

"मंग भांड."

मी त्यांचा हात धरला. डोळे मिटले नाहीत. "देवा," मी म्हणाले, "माझं पोर रस्त्यावर पडलं तेव्हा तू कुठे होतास, ते तू मला अजून सांगितलेलं नाहीस. आता या बाईचा श्वास कोंडतोयस. माझ्याजवळ बसणारं हे एकच माणूस होतं. तुला दुसरं कुणी सापडलं नाही?" मग मी थांबलेच नाही. साहेब, पंच, ट्रकवाला, सगळं त्याच्या पुढ्यात ओतलं. घसा बसला तेव्हा कळलं, मी किती तरी वेळ कुणाशी तरी बोलत होते, आणि ते कुणीतरी उठून गेलेलं नव्हतं. दीड वर्षात पहिल्यांदा मी मोठ्याने रडले.

पाळकीणबाईंनी माझा हात दाबला. "तुमन्ही दोन्हीसनी भेट हुई गयी," म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

आठ दिवसांनी त्या गेल्या. माझा राग गेलेला नाही. रोज सकाळी अंगणवाडी उघडण्याआधी मी तो देवाकडे घेऊन जाते, आणि तो ऐकून घेतो.