वाटी बसल्याचा आवाज

आर्लिस त्वेइटने एकतीस वर्षं नॉर्थ डकोटातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी रांधलं. निवृत्त झाली तेव्हा तिने नवऱ्याकडे एकच मागणं मागितलं. हिवाळ्यात ऊन पाहिजे. व्हर्डेल धान्याच्या कोठारावर काम करून आधीच निवृत्त झाला होता. त्याने जुना कॅम्पर ट्रेलर घेतला, आणि तेव्हापासून दर ऑक्टोबरात दोघं आपलं चाकांवरचं घर ओढत ॲरिझोनाला जात आणि एप्रिलात परत येत.

तिथल्या ट्रेलरांच्या वस्तीत व्हर्डेलला मोठा मान. कोणीही नवा आला आणि ट्रेलर मागे घेताना अडखळला की हाक जायची, व्हर्डेलला बोलवा. मग हा कॉफीचा पेला खाली ठेवून उठणार, पाय फाकवून उभा राहणार आणि दोन हातांनी असा इशारा करणार की नवशिक्यानेही पहिल्या फटक्यात ट्रेलर जागेवर लावावा. सबंध वस्तीत एवढ्या नवराबायकोंची भांडणं दुसऱ्या कोणी टाळली नसतील.

यंदा डिझेलची जुनी गाडी मोडीत निघाली आणि त्यांनी विजेवरची पिकअप घेतली. गावातल्या कॉफीच्या टेबलावरचे म्हातारे म्हणाले, व्हर्डेल, घरून वायर लावूनच निघ, ॲरिझोनापर्यंत सोडत जा. तो हसला. पण गाडी चालवायची वेळ आली तेव्हा किल्ली त्याने आर्लिसच्या हातात दिली. गाडी तुझ्या आवडीची, तूच चालव, म्हणाला. जूनमध्ये तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटाच जाऊन आला होता आणि चष्म्याचा नंबर तेवढा बदललाय असं सांगून टीव्हीच्या आणखी जवळ सरकून बसला होता. आर्लिसच्या मनात तेव्हापासून खुटखुटत होतं. विचारलं तर तो नाही म्हणणार, आणि नाही म्हटल्यावर पुन्हा विचारण्याची त्यांच्यात पद्धत नव्हती.

रिकामी असताना पिकअप एका दमात तीनशे मैल जायची. मागे ट्रेलर लागला की निम्म्यावर यायची, आणि समोरून वारा असला तर शंभरावर. चार्जर बहुतेक दुकानांच्या आवारात, गाडीचं नाक आत घालून उभं राहायचं असे. मागे ट्रेलर ठेवून लावलं तर सगळी वाट अडते आणि मागचे लोक भोंगे वाजवतात. म्हणून दर शंभर मैलांना ट्रेलर कडेला नेऊन सोडायचा, चाकांखाली ठोकळे घालायचे, तासभर चार्ज करायचं आणि परत येऊन जोडायचा. डिझेलवर असताना घरी एकदा जोडला की रात्रीच्या मुक्कामालाही तसाच राहायचा, ॲरिझोनात गेल्यावरच सुटायचा. आता जाईपर्यंत पंधरा वेळा सोडायचा आणि पंधरा वेळा जोडायचा. वर्षातून दोनदाच जोडताना जे झाकून जायचं ते आता दर दोन तासांनी उघड्यावर येणार होतं.

पहिल्या थांब्यावर व्हर्डेल नेहमीसारखा ट्रेलरच्या दांड्यापाशी उभा राहिला. पिकअपच्या मागे लोखंडी गोळा असतो. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला उपडी वाटी असते, ती त्या गोळ्यावर बरोबर बसायला हवी. आर्लिस गाडी मागे घेऊ लागली. गाडीच्या पडद्यावर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं, मधोमध एक रेघ होती, आणि ती रेघ वाटीवर सरळ टेकली होती. आरशात मात्र व्हर्डेलचा हात डावीकडे, अजून डावीकडे, असा हलत होता. आर्लिसने क्षणभर ब्रेक दाबला. मग ती रेघेवरून सरळ मागे आली. व्हर्डेलने हात वर केला, खिडकीशी आला आणि म्हणाला, "बघ, एक इंचसुद्धा इकडेतिकडे नाही."

"तुझा हात आहे ना," आर्लिस म्हणाली.

हे बोलून तिला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. दुसऱ्या थांब्यावर हेच झालं. त्याने हात हलवले, तिने पडदा बघितला, शाबासकी त्याने घेतली. दुपारी गाडीतच अंड्याची सँडविचं आणि तिने केलेल्या लिंबाच्या वड्या खाल्ल्या. वडी उचलताना त्याचा हात डब्याच्या कडेवर आपटला. रस्ता खराब आहे, तो म्हणाला. गाडी उभी होती.

वायोमिंगमध्ये शिरल्यावर वारा सुटला. पिकअपच्या पडद्यावरचे बॅटरीचे टक्के बघता बघता उतरू लागले. आर्लिस ताशी पासष्ट मैलांच्या वेगावरून पंचावन्नावर आली, मग पंचेचाळीसवर, आणि तिसऱ्या थांब्यावर पोचली तेव्हा नऊ टक्के उरले होते. ती दमली होती. चार्ज होऊन जोडायची वेळ आली तेव्हा तिने कॅमेऱ्यात बघून गोळा वाटीखाली आणला. पुढचं काम कायम व्हर्डेलचंच होतं. जॅक फिरवून वाटी खाली सोडायची, ती बसली की खटका लावायचा आणि साखळ्या अडकवायच्या. वाटी बसली की ठण्ण असा आवाज येतो. व्हर्डेल गेली कित्येक वर्षं डोळ्यांनी नाही, त्या आवाजावरून काम करत होता. आज वाऱ्यापुढे काहीच ऐकू येत नव्हतं.

त्याने हात केला. ती निघाली. आवाराच्या तोंडाशी गतिरोधकाचा उंचवटा होता, त्यावरून गाडी गेली आणि मागे असा खडखडाट झाला की दुकानातून सामान घेऊन निघालेली बाई जागच्या जागी थांबली. वाटी गोळ्यावर बसलीच नव्हती, नुसती टेकली होती. ट्रेलरचा दांडा खाली आला होता आणि दोन साखळ्यांनी त्याला जमिनीपासून चार बोटं वर धरून ठेवलं होतं. हेच महामार्गावर झालं असतं तर काय, हे आर्लिसला कोणी सांगायला नको होतं.

खाली उतरून ती आधी साखळ्यांपाशी गेली. व्हर्डेल ट्रेलरच्या पायरीवर जाऊन बसला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला आवाज आल्यासारखा वाटला," तो म्हणाला.

"तुला दिसलं काय ते सांग."

वाऱ्याने कागदाचा एक पेला आवारभर फिरवला. मग तो म्हणाला, "मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. तुझा चेहरा बघायचा तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

जूनमध्ये डॉक्टरने सांगितलं होतं. गाडी चालवू नका म्हणाले होते, ते त्याने पाळलं. बाकीचं मी निभावून नेईन असं त्याला वाटलं. आर्लिसने विचारलं, मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू कॅम्पर विकायला काढला असतास. यावर तिला पटकन नाही म्हणता आलं नाही. काढला असता बहुतेक.

मग तिने तिची बाजू सांगितली. पहिल्या थांब्यापासून मी तुझ्या हाताकडे बघतच नव्हते, कॅमेऱ्यात बघत होते. तुझं मन राखलं, आणि तुझ्यावर भरवसा आहे असं दाखवायला पुढचं सगळं तुझ्यावर सोडलं. सुटलेल्या ट्रेलरखाली कुणी आलं असतं तर ते माझ्याही माथी आलं असतं.

व्हर्डेलला हे जास्त लागलं. "म्हणजे मी नुसता उभा राहून हात हलवत होतो," तो म्हणाला. "वेड्यासारखा."

"हो."

"बोलायचं होतंस."

"तू बोललास का?"

तेवढ्यात त्या सामानवाल्या बाईने येऊन काही मदत हवी का विचारलं, आणि व्हर्डेलने झटक्यात सांगितलं की नाही, खटका जुना झालाय. बाई गेली. आर्लिसने त्याच्याकडे असं बघितलं की मधलं न दिसणाऱ्या माणसालाही ते कळलं.

तिने जॅक फिरवायला घेतला. बोलताना तिचा आवाज शाळेच्या स्वयंपाकघरातल्यासारखा झाला होता. "इथून पुढे मागे यायचं ते मी, कॅमेऱ्यात बघून. वाटी बसली का ते तू बघायचं, पण हाताने. खालून बोट घालून गोळा लागतोय का बघितल्याशिवाय खटका लावायचा नाही. मग जॅकने दांडा वर उचलून बघायचा. पिकअपचं बूड सोबत उचललं गेलं तर ठीक. आणि आपल्याला मदत करायला जो येईल त्याला खरं ते सांगायचं. तू सांगायचं, मी नाही सांगणार. हे जमणार नसेल तर मी इथूनच गाडी वळवते."

"ॲरिझोनात काय सांगू सगळ्यांना?"

"ॲरिझोना बाराशे मैल लांब आहे. तू पुढच्या चार्जरचं बोल."

पुढचे नव्वद मैल ती पंचावन्नच्या वेगाने गेली. मागून ट्रक येत आणि पुढे निघून जात. व्हर्डेल खिडकीबाहेर बघत होता, किंवा खिडकीच्या कडेला. एकदा त्याने विचारलं, किती टक्के. तिने सांगितलं, एकतीस.

चौथ्या थांब्यावर त्यांच्यासारखाच एक कॅम्परवाला रांगेत उभा होता. चाळिशीचा, मोठ्या हॅटचा, बोलघेवडा. ट्रेलर जोडायची वेळ झाली तशी तो आपणहून पुढे आला. व्हर्डेल ट्रेलरच्या दांड्याजवळ गुडघे टेकून बसत होता, ते बघून म्हणाला, "काका, तुम्ही कशाला वाकताय, मी उभा राहून इशारा करतो ना बाईंना."

आर्लिसने काच खाली केली होती. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि समोर बघत राहिली.

व्हर्डेलने घसा साफ केला. "इशारा नको," तो म्हणाला. "ती कॅमेऱ्यात बघून येते. माझे डोळे गेलेत, मधलं दिसत नाही. म्हणून वाटी बसली का ते मी हाताने चाचपून बघतो. वेळ लागतो त्याला."

हॅटवाला गडबडला. माफ करा म्हणाला, मग मी काय करू, विचारलं.

"तू तिच्या आरशाच्या आड उभा आहेस," व्हर्डेल म्हणाला. "तेवढा बाजूला हो."

आर्लिसने गाडी मागे घेतली. जॅक फिरल्याचा आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा थोडा आला. रांगेत मागे आणखी दोन गाड्या आल्या होत्या. पिकअपचं बूड किंचित वर उचललं गेलेलं तिला बसल्या जागी जाणवलं, तरी ती हलली नाही. तो अजून खटका चाचपत होता. नंतर एक साखळी, मग दुसरी. रांगेतल्या कोणीतरी भोंगा वाजवला, तेव्हा हॅटवालाच मागे जाऊन त्यांना काहीतरी सांगून आला.

व्हर्डेल तिच्या शेजारी येऊन बसला तेव्हा त्याच्या बोटांना काळं ग्रीस लागलं होतं. हात पुसायला त्याने कागद मागितला.

"बसलीय," तो म्हणाला. "चल."