उतरणीचा ब्रेक

इमारतीच्या फाटकातून बाहेर पडण्याआधी ते थांबायचे. मान वळवून एकदा मागे बघायचे, एकदा पुढे, मग उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा काढून हवेत दोनदा हलवायचे आणि मगच पाऊल उचलायचे. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली तरी हाच थाट. उभी हयात रेल्वेत गार्ड म्हणून काढलेली, आता हातात हिरवी झेंडी तेवढी नसायची. मागे स्कूटर घेऊन मी उभा, बँकेत पोचायला उशीर होतोय आणि हे फाटक अडवून गाडी सोडतायत! हॉर्न वाजवला की शांतपणे वळून म्हणायचे, "अवसर कां, सेक्रेटरी?"

अवसर म्हणजे तमिळमध्ये घाई. ते तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वीचं मराठी आणि बाजारातलं तमिळ त्यांच्या ताटात एकत्र वाढलेलं असायचं. पुण्याहून तमिळ मुलखात बदलीवर आलेल्या आम्हा नवरा-बायकोला सुरुवातीला त्या बोलण्याची मौज वाटली. पुढे "अवसर कां" ऐकलं की माझं डोकं फिरायला लागलं. तुमच्याही इमारतीत असा एखादा असेल बघा. त्याच्यावर चिडता येतं, पण त्याच्याशी भांडता येत नाही.

वेलचेरीतली आमची इमारत तीन मजल्यांची, बिनलिफ्टची. मी तळमजल्यावर राहायचो आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून असोसिएशनचा सेक्रेटरी झालो होतो. ते तिसऱ्या मजल्यावर एकटे. बायको वारलेली, मुलगी अण्णा नगरला सासरी. सगळी इमारत त्यांना गार्डसार म्हणायची, मीही तेच म्हणायचो.

एका रविवारी ते रिक्षातून उतरले ते एक कुत्री घेऊन. पोट पाठीला लागलेलं, पाय काठीसारखे, तोंड लांबुळकं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मला वाटलं उपाशी आहे बिचारी.

"उपाशी नाही," गार्डसार म्हणाले. "तें शर्यतीचें आहे. मिन्नल."

मिन्नल म्हणजे वीज. दक्षिणेकडे एका लहानशा स्टेशनाजवळ त्यांच्या ओळखीचा एकजण शर्यतीची कुत्री पाळायचा. पोंगलनंतर सुकलेल्या तळ्यात शर्यती लागत. मिन्नलने चार वर्षं मैदान मारलं, पाचव्या वर्षी ती मागे पडायला लागली.

"मागे पडलें की त्यांस कोण पुसतो?" ते म्हणाले. "तें रिटायर्ड, मी रिटायर्ड."

कुत्र्याला परवानगी मिळावी म्हणून असोसिएशनच्या बैठकीत मीच जोर लावला. पार्किंगमधून सायकली आणि हेल्मेटं चोरीला जात होती. म्हटलं, फुकटची राखण होईल. दुसऱ्याच आठवड्यात भर दुपारी माझं हेल्मेट गेलं. स्कूटरच्या चाकाला टेकून मिन्नल चारी पाय वर करून झोपली होती. वीज म्हणे! दिवसातले अठरा तास ती झोपायची, उरलेल्या वेळात येईल त्याच्या मांडीला अंग टेकून उभी राहायची. बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी गार्डसारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "रिटायर्ड आहे तें. ड्यूटी कशाची लावतां?"

पण खरा घोळ जिन्याचा होता. माडाच्या बागेतल्या झापाच्या खोपटात वाढलेल्या त्या कुत्रीने जन्मात पायरी पाहिली नव्हती. पहिल्या पायरीपाशी ती आली की चारही पाय जमिनीत रोवायची आणि थरथरायला लागायची. ओढा, ढकला, बिस्किट दाखवा, उपयोग शून्य. मग गार्डसार वाकायचे, एक हात तिच्या पोटाखाली, एक छातीखाली घालून तिला उचलायचे आणि तीन मजले चढायचे. रोज दोनदा वर, दोनदा खाली. बावीस किलोचं कुत्रं आणि पासष्टीचा माणूस!

चार महिन्यांनी व्हायचं ते झालं. त्यांच्या छातीत दुखलं, आठ दिवस दवाखान्यात काढले आणि डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ बंदी केली. मुलगी मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाली, "सार, अप्पा माझं ऐकत नाहीत. महिन्याभरात ते कुत्रं आपल्या पायांनी चढलं नाही तर ते गावाला परत जाईल आणि अप्पा माझ्या घरी. आमच्याकडे कुत्रं चालत नाही."

म्हणजे जिना जमला नाही तर त्यांचं घरही जाणार होतं आणि मिन्नलही.

त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. आत काही येईनात. "एक पुसूं कां?" म्हणाले. "तें तुमच्याकडे निजलें तर? दिवसा मी खाली येऊन बसतों."

मी म्हटलं, "नाही हो, घरात कुत्रं आमच्याकडेही नाही चालायचं."

खरं तर बायकोला विचारलंसुद्धा नव्हतं. चालायचं नाही ते मला. ते दोनदा "होय, होय" म्हणाले आणि निघून गेले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

नाही म्हटल्याची टोचणी असेल, पण शिकवणीत मी हिरिरीने पडलो. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने रोज दोन्ही वेळा तिला उचलून चढवायचं-उतरवायचं कबूल केलं, तेही फक्त महिनाभर. माझा बेत सोपा होता: एक दिवस एक मजला, तीन दिवसांत काम फत्ते. गार्डसारांचा बेत असा की रोज सकाळी पेपर घेऊन दुसऱ्या पायरीवर बसायचं. बस्स! शेजारी इडलीचा तुकडा ठेवायचा आणि पेपर वाचायचा. मिन्नल खाली उभी. दहा दिवसांत तिने एक पाय वर ठेवला आणि परत घेतला. त्यांनी मान डोलावली, जणू गाडी वेळेवर निघाली.

"गार्डसार, या वेगाने वर्ष लागेल!"

"सिग्नल पडल्याखेरीज गाडी हालवूं नये. अवसर कां?"

एका सकाळी माझा धीर सुटला. ते पाणी प्यायला वर गेले होते, मिन्नलचे पुढचे दोन्ही पाय पायरीवर होते. मी म्हटलं, हीच वेळ. पट्टा धरला आणि ओढला. ती दोन पायऱ्या खरंच चढली, तिसरीवर घसरली आणि हनुवटीवर आपटली. उठून स्कूटरच्या मागे जाऊन बसली. त्यानंतर पाच दिवस ती जिन्याच्या जवळही फिरकेना. गार्डसारांनी मला शब्दानं दुखवलं नाही. दुसऱ्या पायरीवरून उठून पहिलीवर बसले आणि म्हणाले, "पुन्हा आरंभ करूं." शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

महिना संपायला दोन दिवस असताना मिन्नल चढली. कुणी काही केलं नव्हतं. गार्डसार पहिल्या मजल्याच्या वळणावर पेपर वाचत बसले होते, ती उठली आणि टक टक नखं वाजवत त्यांच्यापर्यंत गेली. ते उठून पुढे चालायला लागले, ती मागोमाग. तिसऱ्या मजल्यापर्यंत! रविवारी मुलीने ते डोळ्यांनी पाहिलं आणि तिचा नाइलाज झाला. मी सगळ्या इमारतीला म्हैसूरपाक वाटला. मुलीने मुक्काम हलवायचा विषय सोडला, दुसऱ्या मजल्यावरचा मोकळा झाला.

उतरण्याचं काय, हे आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. चढते म्हणजे उतरणारच, त्यात काय! एकदा सहज "जिना कसा चाललाय?" असं विचारलं तर गार्डसार हसून म्हणाले, "चढणीस इंजिन पाहिजे. उतरणीस ब्रेक. ब्रेक गार्डाचा." मला वाटलं, रेल्वेतला विनोद. मीही हसलो.

दीडेक महिन्यानंतर मला पहाटेची गाडी पकडायची होती. दार उघडतो तर जिन्यावरून गार्डसार खाली येत होते. मिन्नल त्यांच्या खांद्यावर, तिचे लांब पाय त्यांच्या पाठीवर लोंबतायत. एकेक पायरी उतरून ते थांबत होते, कठडा धरून श्वास घेत होते. शेवटच्या पायरीवर आम्ही समोरासमोर आलो.

माझा पारा चढला. पहाटेची वेळ, लोक झोपलेत, काही भान राहिलं नाही. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? मुलीला काय सांगितलंत तुम्ही? रोज सगळ्यांच्या नजरा चुकवून हेच चाललंय?"

त्यांनी मिन्नलला हळूच खाली ठेवलं. "तें उतरत नाही," म्हणाले. "चढतां पुढची पायरी दिसते. उतरतां खालपर्यंत सगळें दिसतें. तें भितें."

"मी आजच्या आज फोन करतो मुलीला."

"सांगूं नको रे." त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "तिला उतरावयास शिकवितों. जरा वेळ दे."

"आठ दिवस," मी म्हणालो. "आठ दिवसांत नाही उतरली तर सांगणार म्हणजे सांगणार."

दुसऱ्याच दिवसापासून ते पेपर घेऊन पुन्हा जिन्यात बसायला लागले. या वेळी वरून, मिन्नलच्या एक पायरी खाली. बँकेत जाताना मी वर तोंड करून विचारायचो, "झालं का?" तेही तिथूनच हात आडवा करून न हलवता तसाच धरायचे. लाल झेंडी.

सहाव्या दिवशी दुपारी बायकोचा बँकेत फोन आला. गार्डसार खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. पेपर मांडीवर तसाच होता. मिन्नलची नखं फरशीवर वाजत राहिली आणि बेल दाबूनही दार उघडेना, तेव्हा शेजारणीला कळलं.

मी मुलीला सांगितलं असतं तर ते जगले असते का, हे मला कधीच कळणार नाही. आठ दिवसांची मुदत दिली नसती तर, तेही नाही. पण पहिल्या संध्याकाळी दारात उभे असताना "निजू दे आमच्याकडे" एवढं म्हणालो असतो, तर तीन मजल्यांचा प्रश्नच उरला नसता. याचा राग मला त्यांच्यावर काढता येत नाही, दुसऱ्या कुणावरही नाही.

तेराव्यानंतर मुलगी म्हणाली, "अप्पा म्हणायचे, ती आता स्वतःच चढते-उतरते. सार, त्या गावातल्या माणसाला फोन करू का? घेऊन जाईल."

मी म्हणालो, "नको. आमच्याकडे राहू दे."

बायको आत गेली. तिने जुनी सतरंजी काढली.

मिन्नल आमच्याकडे तीन वर्षं राहिली. दिवसभर झोपायची. संध्याकाळी मी बँकेतून आलो की उठायची आणि टक टक करत जिना चढायची, थेट तिसऱ्या मजल्यावर. बंद दाराला पाठ लावून बसायची. मग तिला खाली यायचं असायचं आणि येता यायचं नाही. वरून एकदाच भुंकायची. एरवी चोर आला तरी न भुंकणारी!

मी चडफडत वर जायचो. बूटसुद्धा काढलेले नसायचे. "गार्डसार, काय हे लावून दिलंत माझ्या मागे," असं त्या दाराला ऐकवायचो. मग एक हात तिच्या पोटाखाली, एक छातीखाली. बावीस किलो. वळणावर थांबून दम खायचो, ती हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवायची.

बायको म्हणायची, "अहो, तिला उतरायला शिकवा ना. गार्डसारांसारखं पेपर घेऊन बसा. महिन्याभराचं तर काम."

शिकली असती ती. मला पद्धत ठाऊक होती. पण ती आपली आपण खाली यायला लागली असती, तर त्या तिसऱ्या मजल्यावर रोज जायला मला काही कारणच उरलं नसतं. ती असेपर्यंत मी तिला उतरायला शिकवलं नाही.