कॉमिक्सची ट्रंक आणि बंद कूलर

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी निवृत्तीनंतर जे प्रकरण डोक्यातून जात नाही, ते चित्रांच्या जुन्या पुस्तकांचे आहे.

तेव्हा मी अकोल्यातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. हजेरी आटोपून मी रात्रीची स्टेशन डायरी वाचत असताना एक जोडपे तक्रार घेऊन आले. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले होते. पत्नीच्या हातावर लग्नघरची मेंदी होती. अमरावतीला भाचीच्या लग्नाला गेलो होतो, परतलो तर कपाटाचे कुलूप तोडलेले दिसले, असे ते सांगत होते. काय गेले, असे ठाणे अंमलदाराने विचारले.

"कॉमिक्स," गृहस्थ म्हणाले.

अंमलदाराने पेन खाली ठेवला. त्याला वाटले, घरातल्या पोरांचे काही असेल. गृहस्थांनी शांतपणे समजावून सांगितले. लहानपणी वाचलेल्या चित्रकथा त्यांनी आयुष्यभर जमवल्या होत्या. त्यांतल्या एका मराठी मालिकेचा पहिल्या अंकापासूनचा पूर्ण संच त्यांच्याकडे होता. असे संच फार थोड्या लोकांकडे उरले आहेत. एके काळी रद्दीत किलोवर विकली गेलेली ही पुस्तके आज मोबाइलवरच्या लिलावात चढ्या भावाने जातात. बाकीचा संग्रह जागेवर होता. गेला तो नेमका हा संच.

मी पंचनाम्याला गेलो. कॉमिक्सची खोली भट्टीसारखी तापली होती. अकोल्यात मे महिन्यात कूलर नसलेली खोली दिसली की आमच्यासारख्या माणसाला विचारावेसे वाटते. मी विचारले. कूलरच्या ओलाव्याने पुस्तकांच्या पिना गंजतात, पाने फुगतात आणि मग त्यांना कोणी विचारत नाही, असे गृहस्थ म्हणाले. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र प्लास्टिकच्या पाकिटात होते. कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला होता.

कुलूप लोखंडी कांबीने उचकटलेले होते. पण घरात शिरण्याची खूण कुठेच नव्हती. पुढच्या दाराचे कुलूप शाबूत होते. मागचे दार आतून कडी लावून बंद होते. खिडक्यांचे गज जागच्या जागी होते. ठसेतज्ज्ञाला कपाटावर मालकाचेच ठसे मिळाले, आणि स्वतःच्या कपाटावर मालकाचे ठसे असणे याला कोणी पुरावा म्हणत नाही.

मग आम्ही प्रत्येक चोरीत विचारतो तो प्रश्न विचारला. घराची किल्ली आणखी कोणाकडे असते, आणि कोणावर संशय आहे का?

त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, भोळेपणाने सांगून टाकले की किल्ली वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीकडे दिली होती. नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि टाकीत पाणी चढवायच्या मोटारीचे बटण खालच्या स्वयंपाकघरात आहे. आपण नसताना पाणी कोण भरणार? गृहस्थांनी पत्नीकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यानंतर त्यांनी मुलीचे नाव घेतले, आणि तेच नाव पुन:पुन्हा घेत राहिले.

ही मुलगी बार्शीटाकळीची. वडील भाजीपाला पिकवून बाजारात विकणारे. ती अकोल्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती. तलाठी पदासाठी तिची निवड झाली होती आणि नेमणुकीआधीच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात आला होता. अशा कागदावर अहवाल देताना उमेदवारावर गुन्हा आहे का, हे पाहिले जाते. गोपनीय शाखेचा हवालदार तो कागद घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, याच्यावर काय लिहू? ते मालक तर म्हन्ते, तिचं नाव टाकाच."

मी गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध दाखल करायला सांगितला आणि पडताळणीचा कागद टेबलाच्या खणात ठेवला. तो फार दिवस तिथे ठेवता येणार नव्हता. वरून विचारणा आली असती, आणि तोपर्यंत आरोपी मिळाला नसता तर संशयिताच्या जागी तिचेच नाव उरले असते.

महिला शिपायाच्या उपस्थितीत तिच्याकडे विचारपूस केली. तिने पहिल्याच उत्तरात खोटे सांगितले. किल्ली काकूंना जाण्याआधीच परत दिली होती, असे ती म्हणाली. काकू तर उलट सांगत होत्या. खोलीची झडती घेतली तेव्हा किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली. हवालदाराने माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिले. खरे सांगायचे तर मलाही तेच वाटले. ज्याच्याकडे किल्ली असते आणि जो ती लपवतो, त्याच्याकडे पोलीस दुसऱ्या नजरेने पाहूच शकत नाही.

"काहून लपवली?" महिला शिपायाने विचारले.

"नोकरी जाईन म्हनून. दोन परीक्षा हुकल्या, आता कुठी नंबर लागला." ती रडत नव्हती. जमिनीकडे पाहत बोलत होती. "पोलीस आले असं काकू म्हनल्या, अन् मले वाटलं, किल्ली माह्याजवळ हाय म्हटलं की संपलंच."

पाणी आले त्या दिवशी खाली जाऊन काय काय केले, ते एकेक करून सांग, असे मी म्हणालो. मोटार चालू केली, टाकी भरली, मोटार बंद केली. मग तिला एक गोष्ट आठवली.

"मांगचं दार उघडं होतं साहेब. नुसतं लोटलेलं. मले वाटलं, काकू घाईत इसरल्या. मी कडी लावून घेतली."

या एका वाक्याने तपास दोन्हीकडे वळू शकत होता. खरे असेल तर चोर मागून आला आणि गेला. खोटे असेल तर मुलगी स्वतःला वाचवायला चोराची वाट तयार करत होती. हवालदाराला दुसरे पटले. मी काकूंना एकट्यांना बोलावले. मागच्या दाराची कडी मी माझ्या हाताने लावली होती, असे त्या ठामपणे म्हणाल्या. नंतर घरात कोण होते? "हेच. गाडीत सामान ठेवून राहिले होते. मी जाऊन बसली, हे मांगून आले समोरचं कुलूप लावून."

नवऱ्याबद्दल बायको जे सहज बोलते, ते नोंदवून ठेवण्यासारखे असते. पण एवढ्यावरून कोणी फिर्यादीला आरोपी करत नाही.

इकडे रद्दीवाले तपासून झाले. मुलीच्या मोबाइलच्या नोंदी आल्या. ती त्या दिवसांत शहराबाहेर गेलेली नव्हती आणि कोणा खरेदीदाराशी तिचे बोलणे नव्हते. याच सुमारास अमरावतीहून ठाण्याच्या फोनवर एकाने खबर दिली. तो स्वतः कॉमिक्स जमवणारा होता. नाव सांगायला तयार नव्हता. बोलणे मात्र मोजके होते.

"साहेब, चोर शोधू नका. चोरी नाही झाली. भाव चढला."

त्याला बोलते केले तेव्हा या लोकांची एक रीत कळली. जमवणाऱ्यांचा मोबाइलवर एक गट असतो. व्यवहार तिथेच ठरतो, कागद होत नाही. विकणाऱ्याने 'फायनल' लिहिले की मागे फिरायचे नाही. जो फिरतो त्याला गटातून काढतात, आणि नंतर देशभरातला कोणीही त्याच्याशी देणेघेणे करत नाही. आमच्या गृहस्थांनी हा संच परगावच्या एकाला असाच 'फायनल' केला होता. पुढे काही दिवसांतच तसलाच दुसरा संच लिलावात कित्येक पटीने वर गेला. गटात सगळ्यांनी तो आकडा पाहिला.

"आता सांगा," तो म्हणाला, "चोरी गेली म्हटलं की शब्द बी पाळला, अन् माल बी घरात. उलटे लोक सांत्वन करून राहिले त्याचं."

मी विचारले, तुम्हाला त्याचा संच हवा होता का? तो म्हणाला, कोणाला नको असतो? खबर देणाऱ्याचाही हिशेब असतो. म्हणून मी त्याच्या खबरेवरही लगेच विश्वास ठेवला नाही. गृहस्थ लग्नाच्या दिवसांत खरोखर कुठे होते, एवढेच पडताळायचे ठरवून डायरीत नोंद केली आणि स्थानिक ठाण्याला कळवून अमरावतीला गेलो.

गृहस्थांच्या बहिणीचे घर लग्नानंतरच्या पसाऱ्यात होते. काही पाहुणे अजून होते. पुढच्या खोलीत एका कूलरसमोर माणसे दाटीवाटीने पडली होती. बहिणीची सासू ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बोळकांडीत आडवी झाली होती. तिच्या शेजारी एका खोलीचे दार बंद होते. खिडकीत कूलर बसवलेला दिसत होता. मी बाहेरून जाऊन पाहिले. टाकी कोरडी होती आणि वायर गुंडाळून ठेवली होती.

कूलर बिघडला आहे का, असे मी विचारले. बहीण म्हणाली, नाही, चांगला आहे. दादाने ट्रंक ठेवली आहे आत, बँकेचे जुने कागद आहेत, कूलर लावू नको म्हणून सांगून गेला.

बोळकांडीतून सासू बोलली, "मानसं भाजून राहिली, अन् याच्या कागदायले कूलर सोसत नाही म्हन्ते. असे कोन्ते कागद असते हो साहेब?"

असे कागद मी अकोल्यात पाहिले होते. पंच बोलावले, ट्रंक उघडली. वर वाळलेला पाला, खाली पाकिटांत एकेक पुस्तक, पहिल्या अंकापासून क्रमाने. बहिणीच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य खरे होते. तिला काही ठाऊक नव्हते.

वऱ्हाडात लग्नाचे घर, मेचा महिना आणि चालू स्थितीतला बंद कूलर, हे तीन एकत्र येत नाहीत. दुसऱ्या कोणत्याही चोराने माल लपवताना त्याच्या हवेची काळजी केली नसती. ही चूक फक्त जमवणाराच करू शकत होता.

गृहस्थांना ठाण्यात बोलावले. संच सापडल्याचे सांगितले, कुठे ते सांगितले नाही. त्यांनी चोराबद्दल काहीच विचारले नाही. एवढेच म्हणाले,

"ट्रंक उन्हात नाही ना ठेवली, साहेब?"

ट्रंकेचा उल्लेख मी केलाच नव्हता. त्यांच्याही ते लक्षात आले, आणि पुढे मला फारसे विचारावे लागले नाही. कुलूप त्यांनीच उचकटले होते, मागच्या दाराची कडी त्यांनीच काढून ठेवली होती. परतल्यावर ती कडी लावलेली पाहून ते गोंधळले. पण तोवर काकूंनी तुटलेले कुलूप पाहून शेजारी गोळा केले होते. मुलीचे नाव का घेतले, असे मी विचारले.

"मले तिचं नाव घ्यायचंच नव्हतं," ते म्हणाले. "तुमीच इचारलं, संशय कोनावर हाय म्हनून. काही तरी सांगा लागत होतं."

गुन्ह्यात 'ब' समरी, म्हणजे फिर्याद खोटी असल्याचा अहवाल न्यायालयात गेला. खोटी माहिती दिल्याबद्दल त्यांच्यावर कारवाईचा प्रस्तावही गेला. संच मुद्देमाल म्हणून जमा झाला आणि आमच्या मुद्देमाल कोठडीत एक पावसाळा राहिला. तिथे कूलर नसला तरी ओल भरपूर असते. पुढे त्याच मालिकेचे न विकलेले गठ्ठे कुठल्या तरी जुन्या विक्रेत्याच्या गोदामात निघाले आणि भाव उतरला, असे मला त्याच अमरावतीच्या खबऱ्याने कळवले. या वेळी त्याने नावही सांगितले.

पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही नाही' असे लिहून मी सही केली आणि मुलीला बोलावून सांगितले. ती आनंदेल असे वाटले होते.

"कागदावर झालं साहेब. पन मालकानं माह्या बाबाले फोन करून सांगतलं होतं, तुमची पोरगी चोर हाय म्हनून. बाबा तवा बाजारात बसले होते. फोन मोठ्या आवाजात होता. सगळ्या लाइननं ऐकलं."

यावर लिहायला माझ्याकडे नमुना नव्हता. चोरीला गेलेली वस्तू परत देण्याची पद्धत कायद्यात आहे. घेतलेले नाव परत घेण्याची पद्धत नाही. गृहस्थांनी तिची माफी मागावी, असा आदेश मी देऊ शकत नव्हतो. मी त्यांना फक्त तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. काकू बाजूला बसल्या होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चाला. आजच बजार हाय तिथं."

बार्शीटाकळी ठाण्याचा एक हवालदार त्या दिवशी बाजार बंदोबस्तावर होता. पुढचे त्याने सांगितले. भाजीच्या ओळीत गृहस्थ उभे राहिले आणि बोलले की चोरी खोटी होती, पोरीचा काही दोष नाही. माणसे गोळा झाली. कोणी तरी विचारले, काय चोरीला गेलं म्हणत होते तुम्ही? कॉमिक्स, असे ते म्हणाले. लहान पोरायचे? हो. ओळीत हसू पसरले, काही जण तर पोट धरून हसले. ते तसेच उभे होते.

फिर्याद घेताना संशय कोणावर, हे आजही विचारले जाते आणि विचारायलाच हवे. त्या प्रकरणानंतर मी तो प्रश्न अगदी शेवटी ठेवू लागलो. माणसाला उत्तराची जागा दिसली की तो ती भरतो, आणि ती भरायला त्याला कोणाचे तरी नाव लागते. तरुण अधिकाऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा बाजारातला शेवटचा भागही सांगतो. हवालदार म्हणाला, सगळे हसत होते, पण मुलीचा बाप हसला नाही. त्याने तराजू खाली ठेवला आणि गृहस्थांना म्हणाला, "तिकडच्या टोकाले नाही आयकू गेलं. तिथं जाऊन बी सांगा."

गृहस्थ त्या टोकाला गेले.