जमुनेची बोली

टिटवाळ्याला नव्या टॉवरांच्या मागं एक बैठी चाळ अजून तग धरून आहे. तिथं चांगदेव रोकडे म्हणून विचारलं तर कुणी पटकन सांगणार नाही. हत्तीवाले आजोबा म्हटलं की थेट दारापर्यंत आणून सोडतील.

सोळाव्या वर्षी खडवलीच्या घरातून भांडून निघालेला चांगदेव कल्याणला मुक्कामाला आलेल्या एका सर्कशीत शिरला. लीद उचलता उचलता माहूत झाला आणि बत्तीस वर्षं दोन हत्तिणींच्या मागं देशभर हिंडला. एक चमेली, दुसरी जमुना. लग्न झालं तरी बायको, शांताबाई, खडवलीला आणि हा तंबूत. मुलगा कधी चालायला लागला, कधी शाळेत गेला, हे त्याला पत्रातून कळलं. "घरच्यांपेक्षा मी त्या दोघींच्या जवळ राहिलोय," असं तो चारचौघांत सांगायचा. शांताबाई तेव्हा आतल्या खोलीत भांडी जरा जोरातच आपटायची.

एक गोष्ट तर त्यानं शंभर वेळा सांगितली असेल. "मी तंबूत पाय टाकला रे टाकला, की दोघी बोलायला लागायच्या. कानाला काही ऐकू यायचं नाही. पण लोखंडी खांबाला तळवा लावला की आतून अशी थरथर लागायची. आपला चांगदेव आला, असं सांगायच्या एकमेकींना."

अंकुशाचं तो लपवायचा नाही. स्टुलावर बसायला शिकवताना कानामागं टोचावंच लागायचं. चमेलीची तिथली जखम शेवटपर्यंत भरली नाही. "बाप पोरांना मारतो की नाही?" एवढंच म्हणून तो पुढं सरकायचा.

चमेली मेली. मग सर्कशीत हत्ती ठेवायला बंदी आली आणि जमुनेला परराज्यातल्या एका संगोपन केंद्रात न्यायला ट्रक आला. ती काही केल्या चढेना. अधिकाऱ्यांनी चांगदेवलाच पुढं केलं. त्यानं एक हाक मारली आणि ती मुकाट्यानं चढली. हेही तो छाती फुगवून सांगायचा. पुढं बायकोला घेऊन तो टिटवाळ्याच्या या चाळीत आला आणि जवळच्याच एका बिल्डिंगीत त्यानं वॉचमनची नोकरी धरली.

गेल्या वर्षी डोंबिवलीला नातीच्या, प्रियांकाच्या, कॉलेजात हत्तींच्या बोलण्यावर व्याख्यान होतं. संचिता मॅडम म्हणून कुणी जंगलांत राहून अभ्यास करणाऱ्या बाई आलेल्या. प्रियांका आजोबांना इस्त्रीचा शर्ट घालून घेऊन गेली. मॅडमनी सांगितलं, हत्तींचं निम्मं बोलणं आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या खालच्या पट्टीत चालतं. मैलभर लांबच्या हत्तीलाही ते कळतं, जमिनीतून पायांना जाणवतं. चांगदेव मान डोलवत होता. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शेवटी प्रियांका उठून म्हणाली, "मॅडम, माझे आजोबा सर्कशीत माहूत होते!" टाळ्या पडल्या. चांगदेवनं माईक हातात घेऊन खांबाच्या थरथरीची गोष्ट सांगितली. हॉल खूश झाला. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"काका, तुम्ही आत आलात की त्या खात राहायच्या, का थांबायच्या?"

"थांबायच्या की. तोंडातला घास तसाच."

"कान?"

"असे पसरलेले."

"आणि एकमेकींच्या जवळ यायच्या?"

"अगदी खेटून. पाठीला पाठ."

चांगदेवला राहवलं नाही. "काय म्हणत असतील हो?"

"नक्की नाही सांगता येणार, काका," त्या सावकाश म्हणाल्या. "आपल्याकडच्या हत्तींचा एवढा अभ्यास झालेला नाही. पण आफ्रिकेत माणूस आल्याची खबर कळपातले हत्ती एकमेकांना देतात. सावध व्हा म्हणून. तेव्हा साधारण असेच उभे राहतात."

मागून कुणीतरी "अरे बाप रे" म्हणालं. चांगदेवनं माईक परत दिला. स्टेशनला रिक्षातून उतरल्यावर तो प्रियांकाला म्हणाला, "त्या बाईला काय माहीत? मला जमुनेकडं घेऊन चल."

प्रियांकानं फोन करून, अर्ज करून परवानगी काढली. दीड दिवसाचा प्रवास करून दोघं केंद्रावर पोचली. चांगदेवच्या पिशवीत गुळाची ढेप होती.

लोखंडी पाइपांच्या कुंपणापलीकडं जमुना चारा खात होती. अंगानं भरली होती. थोड्या अंतरावर दुसरी एक हत्तीण, त्यांच्याकडं पाठ करून. ती कुठल्याशा देवस्थानातून आणलेली. तिनं चांगदेवला जन्मात पाहिलं नव्हतं.

"जमुने!" त्यानं हाक मारली.

तिचा घास थांबला. कान पसरले. सोंड वर उचलून तिनं त्याच्या दिशेनं वास घेतला. चांगदेवनं पाइपाला तळवा लावला. तीच थरथर होती. इतक्या वर्षांत जराही बदलली नव्हती.

त्या दुसरीनं वळूनही पाहिलं नव्हतं. पण तिची मान झटक्यात वर झाली. ती पळत आली आणि जमुनेला खेटून, पाठीला पाठ लावून उभी राहिली.

"आज काय झालं हिला?" तिथला रखवालदार म्हणाला. "लोक येतात रोज. अशी कधी करत नाही."

दोघी वळल्या आणि झाडांमागं निघून गेल्या. जमुनेनं मागं पाहिलं नाही. चांगदेव तळवा तसाच लावून उभा राहिला. पाइप आता नुसताच गार लागत होता.

गूळ रखवालदाराकडं देत तो म्हणाला, "तिला द्या. पण माझं नाव सांगू नका." मग आपण काय बोललो ते त्याच्याच लक्षात आलं आणि तो गेटाकडं चालायला लागला.

घरी पोचल्यावर शांताबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "ओळखलं का हो तिनं?"

"ओळखलं," चांगदेव म्हणाला. "लगेच."

प्रियांकानं बॅग आत ठेवली आणि मोरीत पाय धुवायला गेली.