अक्कांचं 'कसाले?'

धुळ्यात आजवर जेवढ्या लोकांनी रक्त तपासून घेतलं असेल, त्यांतल्या निम्म्यांना तरी आमच्या अक्कांनी प्रश्न विचारून हैराण केलं असणार. देवपूरच्या एका रुग्णालयात त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि मी शिरपूरहून आलेली इंटर्न. अक्का मूळच्या शिंदखेड्याकडच्या. रुग्णालयाच्या साहेबांशी बोलताना पुस्तकी मराठी, पण कुतूहल चाळवलं की थेट अहिराणी. "कसाले?" म्हणजे "का?", हा त्यांचा लाडका शब्द. पेशंटची साखर वाढली की कसाले, यंत्र शिट्टी मारायला लागलं की कसाले, माझ्या डब्यात सलग तीन दिवस शेवभाजी निघाली तरी कसाले. एकदा लघवीचा नमुना गुलाबी दिसला, तर बाई बाटली घेऊन वॉर्डात गेल्या आणि पेशंटने आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं हे कळल्यावरच परतल्या. बीट कितीला मिळालं, तेही विचारून आल्या.

आम्हा इंटर्नचं शिक्षण मात्र नळ्यांवर नावं चिकटवणं, रिपोर्ट पोचवणं आणि शेवटच्या दिवशी प्रशिक्षणाच्या वहीवर सगळ्या सह्या एकदम घेणं, एवढंच होतं. अक्कांना कामातून मान वर करायला फुरसत नसे आणि आम्हाला विचारायचा धीर होत नसे.

एका सकाळी मी एका आजोबांचं रक्त घेतलं. जांभळ्या टोपणाची नळी भरली, पण लाल टोपणाची भरता भरेना. आजोबा कण्हत होते, पुन्हा टोचणं माझ्या जिवावर आलं. मी जांभळ्या नळीतलं थोडं लाल नळीत ओतलं. रक्त शेवटी रक्तच ना!

तासाभराने रिपोर्ट आला. अक्का कागदाकडे बघतच राहिल्या. "एवढं पोटॅशियम? या माणसाचं हृदय बंद पडायला पाहिजे!" वॉर्डात फोन करून त्यांनी आपण येईपर्यंत पोटॅशियमवरचं औषध थांबवायला सांगितलं आणि तरातरा निघाल्या. मी मागोमाग. आजोबा पलंगावर मांडी घालून ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी खात होते.

"आबा, कसं वाटस?"

"बठ्ठं बरं शे. ठेचामा मीठ तेवढं कमी शे." म्हणजे बाकी सगळं ठीक, तक्रार फक्त ठेच्याची.

परतताना जिन्यातच मी सांगून टाकलं, "अक्का, मी ओतलं." आता खैर नाही, असं वाटलं. पण त्या माझ्याकडे एखाद्या नव्या नमुन्याकडे बघावं तशा बघत होत्या.

"जांभळ्या नळीत काय असतं, तुला कोणी सांगितलं होतं?"

"नाही."

"रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध असतं. त्या औषधातच पोटॅशियम असतं, पोरी." मग म्हणाल्या, "तीन महिना व्हयनात, तू मना बाजूले उभी शे. मंग चूक मनी शे." चूक त्यांनी स्वतःकडे घेतली होती.

आजोबांची हात जोडून माफी मागत त्यांनी स्वतः पुन्हा रक्त घेतलं. पोटॅशियम अगदी ठीक निघालं. मग साहेबांसमोर सगळं जसं घडलं तसं सांगितलं आणि रोज सकाळचा अर्धा तास इंटर्नसाठी मागितला.

"अक्का, रांग वाढेल."

"वाढू द्या. रिपोर्ट लवकर पाहिजे की बरोबर, ते रांगेतल्यांना विचारा."

अर्धा तास मिळाला. टेबलावर रंगीत टोपणांच्या नळ्या मांडून अक्का शिकवायच्या आणि प्रत्येक तपासणीचं कारण सांगता आल्याशिवाय वहीवर सही करायच्या नाहीत. रांगेतली माणसं खिडकीतून डोकावायची. एका फेटेवाल्याने तर आतल्यांपेक्षा चांगली शंका काढली, म्हणून त्याला खुर्ची देऊन आत बसवलं होतं.

आता मी जळगावात इंटर्नना शिकवते. अक्का निवृत्त होऊन गावी असतात. काचबिंदूने त्यांची नजर पार अधू केली आहे. गेल्या दिवाळीत भेटायला गेले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या एका विचित्र पेशीचा फोटो फोनवर दाखवायला नेला होता. फोन त्यांनी डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि हळूच माझ्या हातात दिला.

"तूच सांग."

मी रंग सांगितला, आकार सांगितला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"आणि कडा कशी आहे?"

कडेकडे मी नीट बघितलंच नव्हतं. फोटो मोठा करून मी पुन्हा पाहिलं आणि सावकाश सांगू लागले. अंगणातलं ऊन ओसरीवर आलं, तरी अक्का डोळे मिटून ऐकतच होत्या. मीही थांबले नाही.