शेठच्या मळ्यातलं भरीत

आमच्या चटईच्या कारखान्यात भरीत करायचं काम माझ्याकडे असतं. पगार मिळतो तो मागावर चटया विणायचा, पण मान मिळतो तो भरिताचा, आणि खरं सांगतो, मला तो मानच जास्त प्यारा. दर हिवाळ्यात युनियन भरीत पार्टी करते. शेठ पाहुणे म्हणून येतात, आमच्या पंगतीत मांडी घालून जेवतात आणि जाताना माझी पाठ थोपटतात.

यंदा उलटं झालं. पार्टी शेठनीच ठेवली, नशिराबादच्या पुढे त्यांच्या मळ्यात.

त्याआधीचे दोन महिने फार वाईट गेले होते. परदेशी जाणारा माल थांबला होता, गोदामात गठ्ठे छताला टेकले होते, हे आम्हालाही दिसत होतं. शेठ खोटं बोलत नव्हते. पण त्यांनी काढलेला उपाय म्हणजे आमच्या पगाराचा चौथा हिस्सा कापायचा, आणि वर 'माझी हरकत नाही' अशा कागदावर आमचीच सही घ्यायची. मॅनेजर एकेकाला केबिनमध्ये बोलवायचा. गेटवर रोज कंत्राटी कामगारांची टोळी उभी दिसायची. ती मुद्दाम उभी केलीय हे कळत असूनही जाता-येता आम्ही त्यांची डोकी मोजायचो. युनियनच्या पाच जणांच्या कमिटीत मी होतो. बोलणी होऊन काही ठरेपर्यंत एकानंही सही करायची नाही, असं आम्ही सांगितलं, आणि दोन महिने एकानंही केली नाही. सहीचं ठरवलं होतं. जेवणाचं काही ठरवलं नव्हतं.

शनिवारी शेठचा फोन आला. "नाना, आचारी लावला तर भरिताची वाट लागेल. तुम्हीच या."

बायको म्हणाली, "जाऊ नका." मी उलट तिलाच शहाणपण शिकवलं. म्हटलं, भरीत करीन, पण एक घास खाणार नाही, हा माझा निषेध. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. नाही म्हटलं तर शेठ डूख धरतील ही भीती, आणि माझ्याशिवाय यांचं अडतं हा तोरा. दोन्हींनी मिळून माझं गाढव केलं.

रविवारी सकाळीच पोचलो. कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, हिरवी वांगी भाजली, सोलली आणि मिरच्या-लसूण घालून बडगीत, म्हणजे लाकडाच्या लांबट भांड्यात, ठेचायला बसलो. धुरानं डोळे चुरचुरत होते. फाटकाशी मॅनेजर टेबल टाकून बसलाय एवढं दिसलं. वाटलं, हजेरी घेत असेल. लोक आत येताना माझ्याकडे बघून हात करत होते, मीही हात करत होतो. कमिटीतले बाकीचे चौघं मात्र आले नाहीत. मी जाळ सोडून उठलो नाही.

पंगत बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच लोक मोकळेपणानं हसत होते, आणि ते हसणं मला खटकायला लागलं. वाढत वाढत आबांपाशी आलो. आबा धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे, आमच्यात सगळ्यांत जुने. केबिनमधून दोनदा सही न करता परत आलेले.

"मंग काय ठरनं, नाना?"

"कशाचं?"

"पगारनं. मी तं फाटकवर सही करी टाकी. बठ्ठासनी करी."

"सगळ्यांनी? काही ठरलं नाही, आबा. बोलणीच झाली नाहीत."

"तुले जाळजोडे बठेल पाह्यं ना," ते जाळाकडे बोट दाखवत म्हणाले. "माले वाटनं, कमिटीना मानूस आठे शे, म्हंजे मिटनं."

शेजारचे दोघं-तिघं खायचे थांबले. मी घाईघाईनं सांगू लागलो, की मी सही केलेली नाही, जेवणारही नाही, नुसतं भरीत करून देतोय. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सही करी नही, जेवाव बी नही," ते म्हणाले. "मंग तू आठे काय करी ऱ्हायना?"

मी बादली हातात धरून तिथंच उभा राहिलो. पुढच्या ताटावरचा माणूस वाढायची वाट बघत होता.